आबांची ‘लाभ, दोन, तीन’ ही मोजणी शाबूत, पण ‘पाणी’ हा शब्द हरवला: भाषा मेंदूच्या नेमक्या कोणत्या बाजूला असते?

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर तालुका)

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, 71 वर्षांचे आहेत. त्यांची उभी हयात बाजार समितीत मापाडी म्हणून गेली. चार महिन्यांपूर्वी सकाळी ओसरीवर चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातला कप निसटला, तोंड डावीकडे ओढले गेले आणि त्या क्षणापासून बोलणे बंद झाले. पाय आता बराच सुधारला आहे, काठीच्या आधाराने ते अंगणापर्यंत येतात. हात मात्र अजून लुळाच आहे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि तिथले वाचेचे केंद्र गेले, असे डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितले. इथपर्यंत मला समजले. पुढचे समजत नाही, म्हणून लिहीत आहे.

तहान लागली की आबा तांब्याकडे बघतात, ओठ हलवतात, कपाळावर घाम येईपर्यंत धडपडतात आणि शेवटी ‘त... ते...’ एवढेच बाहेर पडते. मागच्या आठवड्यात माझी पत्नी ओसरीवर दादर ज्वारीचे पोते सोडून मापाने कोठीत भरत होती. आपल्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. तिने सवयीने ‘लाभ’ म्हटले, आणि खाटेवर पडलेल्या आबांनी ‘दोन, तीन, चार’ करीत, बाजारातल्या त्याच जुन्या हेलात, थेट एकवीसपर्यंत मोजले. एकदाही अडखळले नाहीत. तिचे माप थांबले तेव्हाच ते थांबले. मी धावत जाऊन विचारले, ‘आबा, किती मापं झाली?’ तर पुन्हा ‘त... ते...’.

गुरुवारच्या भजनातही असेच होते. सगळ्यांबरोबर ते धृपद शब्दांसकट म्हणतात. शेजारची शेळी आमच्या तुळशीला तोंड लावते तेव्हा तिला ते अशी ठसठशीत अहिराणी शिवी हासडतात की घरातल्या बायका पदर तोंडाला लावतात. एक-दोन नातेवाइकांनी तर सरळ म्हटले, ‘शिवी देता येते, मग बोलता कसं येत नाही? मुद्दाम करतात.’ हे ऐकताना आबांच्या डोळ्यांत पाणी आले होते, म्हणजे त्यांना सगळं कळतं.

माझे प्रश्न असे आहेत. भाषा डाव्या मेंदूत असते आणि तो भाग गेला असेल, तर ही मोजणी, हे भजन आणि ती शिवी कुठून येते? दुसरे, जे चार शब्द परत आले आहेत ते ‘माय’, ‘नही’, ‘माले’ असे अहिराणीच आहेत. आबांचे घरचे बोलणे अहिराणी, पण बाजारात व्यापाऱ्यांशी आणि घरी नातवंडांशी ते चांगली प्रमाण मराठी बोलत असत. मग अहिराणी उजव्या मेंदूत आणि मराठी डाव्या, अशी काही वाटणी असते काय? त्यांच्याशी एकाच भाषेत बोलावे, नाहीतर ते गोंधळतील, असा सल्लाही मिळाला आहे. तिसरे, व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे की डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा, म्हणून डाव्या हाताने लिहायला लावले की उजवा मेंदू जागा होऊन बोलू लागतो. यात तथ्य किती?

वाचासाथी (जळगाव)

मास्तर, मी गेली बरीच वर्षे वाचा-उपचाराचे काम करते आहे. तुमच्या वर्णनातली मोजणी आणि शिवी या दोन्ही गोष्टी मला जवळपास दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या ओसरीवर भेटतात. आबा काहीही मुद्दाम करीत नाहीत, हे आधी त्या नातेवाइकांना निक्षून सांगा.

ज्या रुग्णामुळे ‘भाषा डावीकडे’ ही कल्पना रूढ झाली, त्याची हकीकत आबांसारखीच आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक माणूस कित्येक वर्षे होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजे, पण कोणत्याही प्रश्नाला त्याचे उत्तर एकच असे, ‘ताँ, ताँ’. रुग्णालयात सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. मात्र आपले म्हणणे समोरच्याला कळले नाही की तो संतापून एक शिवी स्पष्ट उच्चारी. एप्रिल 1861 मध्ये तो वारला, तेव्हा पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला कपाळामागच्या खंडात इजा दाखवली. पुढे असे रुग्ण साठत गेले आणि आपण डाव्या गोलार्धाने, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतो, असे ब्रोकाने 1865 मध्ये लिहिले. ती शिवी त्याने नोंदवली होती, पण पुढच्या पाठ्यपुस्तकांनी बहुधा सभ्यपणापायी ती गाळली आणि ‘ताँ’ तेवढा ठेवला, असे मला नेहमी वाटते. आबांची अर्धी गोष्ट त्या गाळलेल्या शिवीत आहे.

त्याच शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने त्या शिवीकडे नीट लक्ष दिले. बोलण्याचे दोन प्रकार आहेत, असे त्याचे म्हणणे होते. एक प्रकार म्हणजे मनात आलेली नवी गोष्ट सांगण्यासाठी शब्द निवडून, प्रत्यय लावून, त्या क्षणी वाक्य घडवणे. दुसरा म्हणजे घडवून ठेवलेले, हजारदा म्हटलेले बोलणे जसेच्या तसे बाहेर येणे: मोजणी, पाढे, वारांची नावे, आरती, ‘राम राम’, शिव्या. पहिल्या कामासाठी डावा गोलार्ध जवळजवळ अपरिहार्य असतो. दुसऱ्यात उजव्या गोलार्धाचा आणि मेंदूच्या खोल भागातल्या, सवयीच्या हालचाली सांभाळणाऱ्या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो, आणि डावी बाजू गेल्यावरही ते बरेचदा टिकते. आबा ‘एकवीस’ म्हणतात तेव्हा ते एकवीस ही संख्या सांगत नसतात, विसाच्या मागोमाग येणारा आवाज काढत असतात; ‘किती मापं झाली?’ या प्रश्नाला तोच शब्द उत्तर म्हणून द्यायचा झाला की काम दुसऱ्या खात्यात जाते आणि ते खाते सध्या बंद आहे.

उजवा हात आणि वाचा एकदम का गेली, याचे कारण साधे आहे. मेंदूतून निघणाऱ्या हालचालीच्या वाटा खाली उतरताना एकमेकींना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात, त्यामुळे उजव्या हाताचा कारभार डाव्या गोलार्धाकडे असतो. डाव्या बाजूची जी मधली रोहिणी हात आणि चेहरा हलवणाऱ्या पट्ट्याला रक्त पुरवते, तिच्याच फांद्या भाषेच्या भागांनाही पुरवतात. एकाच पाटचारीवर दोन शेते भिजत असली की पाटचारी फुटल्यावर दोन्ही सुकतात, तसे हे आहे.

एक गोष्ट तपासून पाहा. जीभ आणि ओठ लुळे पडून उच्चार बोबडे होणे वेगळे आणि वाचाघात, ज्याला डॉक्टर अफेजिया म्हणतात, तो वेगळा. नुसती जीभच जड असती तर आबांनी डाव्या हाताने वेडेवाकडे का होईना ‘पाणी’ लिहिले असते, आणि भजनातले शब्दही बोबडेच आले असते. भजनातले शब्द स्वच्छ येतात, यावरून जीभ बऱ्यापैकी ठीक असावी. तरी घशाची आणि गिळण्याची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, कारण पाणी पिताना ठसका लागत असेल तर त्यातून छातीचा संसर्ग होऊ शकतो.

‘त्यांना सगळं कळतं’ हेही थोडे जपून म्हणा. प्रसंगावरून आणि चेहऱ्यावरून त्यांना पुष्कळ कळते, पण व्याकरणावरच अर्थ ठरतो तिथे असे रुग्ण चकतात. ‘बैलाने चारा खाल्ला’ हे कळण्यासाठी प्रत्यय लागत नाही, कारण चारा बैलाला खात नाही. ‘बैलाला म्हशीने ढकलले’ या वाक्यात मात्र कोणी कोणाला ढकलले, हे फक्त ‘ला’ आणि ‘ने’ सांगतात. दोन खेळणी घेऊन हे करून पाहा. आबा कदाचित उलटे दाखवतील. म्हणून त्यांच्याशी छोटी आणि सरळ वाक्ये बोला, मोठ्याने ओरडू नका, आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहा. आपल्याकडे माया म्हणजे घाई असते, रुग्णाचे ओठ हलायच्या आत सून, मुलगा आणि नातू तिघेही त्याचा शब्द उच्चारून मोकळे होतात.

पांझराकाठ (धुळे)

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि घरी अहिराणीच बोलतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

अहिराणी उजवीकडे आणि मराठी डावीकडे अशी वाटणी नसते. दोन्ही भाषा मुख्यतः त्याच डाव्या जाळ्यावर चालतात. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विजेचा स्पर्श करून ऑजेमन आणि व्हिटेकर यांनी 1978 मध्ये द्विभाषिक रुग्ण तपासले होते. तेव्हा काही ठिकाणी स्पर्श होताच दोन्ही भाषांतली नावे अडत, तर काही ठिकाणी एकाच भाषेतली अडे. म्हणजे शेत एकच, पण काही वाफे सामाईक आणि काही स्वतंत्र, असे म्हणता येईल. अहिराणी आणि मराठी तर इतक्या जवळच्या आहेत की ‘मला’ आणि ‘माले’ किंवा ‘आहे’ आणि ‘शे’ यांना मेंदू दोन पूर्ण वेगळ्या कप्प्यांत ठेवत असेल, हे मला पटत नाही.

मग आधी अहिराणीच का परतली? यावर जुना वाद आहे. फ्रान्समधल्या रिबो यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला म्हटले की सर्वांत आधी शिकलेले सर्वांत शेवटी जाते, म्हणून मायबोली टिकते. त्यांच्याच देशातल्या पित्र यांनी 1895 मध्ये ते खोडून काढले. आजारापूर्वी जी भाषा जास्त वापरात होती ती आधी परतते, असा त्यांचा दावा होता. पुढे शेकडो रुग्णांच्या नोंदी जमल्यावर दिसले की दोन्ही भाषा साधारण बरोबरीने सुधारणे हेच सर्वांत जास्त आढळते, आणि अपवाद मात्र दोन्ही नियमांना पुरून उरतील इतके आहेत. आबांच्या बाबतीत आधी शिकलेली आणि घरात जास्त वापरलेली भाषा एकच आहे, त्यामुळे रिबो खरे की पित्र, हे आबा ठरवून देणार नाहीत.

शिवाय ‘माय’, ‘नही’ आणि ‘माले’ हे शब्द बघा. पहिला हाकेचा, दुसरा नकाराचा आणि तिसरा लेकराने हट्ट करताना म्हणायचा. हे तिन्ही वाचासाथी ताईंनी सांगितलेल्या घडीव बोलण्याच्या अगदी सीमेवरचे आहेत. अहिराणी म्हणून नव्हे, तर झिजून गुळगुळीत झालेले शब्द म्हणून ते आधी आले असावेत, असा माझा अंदाज आहे.

एकाच भाषेत बोलण्याचा सल्ला मात्र मी मानणार नाही. त्या घरात सकाळपासून जे कानावर पडते ते पडू द्या. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या 608 रुग्णांचा अभ्यास केला होता. त्यात एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी 40.5 टक्के रुग्णांची एकूण बुद्धिशक्ती नंतरही शाबूत आढळली, तर एकभाषिकांमध्ये हे प्रमाण 19.6 टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत वेगळे नव्हते, हेही त्याच अभ्यासात आहे आणि उत्साहाच्या भरात लोक नेमके तेच सांगायचे विसरतात. दुसरी भाषा वाचाघातापासून वाचवत नाही, पण ती असल्याने नुकसान होते असेही त्यातून दिसत नाही. मास्तर, एक विनंती आगाऊपणा वाटेल, पण करतो: आबांची अहिराणी सुधारून ‘माले नाही, मला म्हणा’ असे कोणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा. मराठीच्या शिक्षकाच्या घरात हा धोका असतो. माझे वडीलही मराठीच शिकवत.

सातपुड्याच्या पायथ्याशी (चोपडा)

विषय थोडा बाजूचा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझ्या आत्याबाईंचे उलट झाले होते. त्या बोलायच्या थांबल्याच नाहीत. एका दुपारी जेवण वाढता वाढता त्यांचे बोलणे एकदम भलतेच होऊन गेले. सूर तोच, वेग तोच, हातवारेही नेहमीचे, पण शब्द अर्थाचे नव्हते, काही तर कोणत्याच भाषेतले नव्हते. आपण काय विचारतो तेही त्यांना कळत नव्हते आणि आपले काही चुकते आहे याची त्यांना जाणीवच नव्हती. हात-पाय ठणठणीत होते, म्हणून घरात कोणालाही लकव्याची शंका आली नाही. बाहेरची बाधा समजून त्यांना भगताकडे नेले, अंगारे-धुपारे झाले आणि दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी स्कॅन झाला, तेव्हा डाव्या कानशिलामागच्या भागात रक्ताची गुठळी अडकल्याचे समजले.

नंतर वाचले की कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्येच, वयाच्या 26 व्या वर्षी, याच प्रकाराचे वर्णन करून ठेवले होते. बोलणे घडवणारा भाग पुढे आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणारा भाग मागे, कानाजवळ. मागचा गेला तर बोलणे वाहते राहते, पण त्याला लगाम राहत नाही. हालचालीचा पट्टा तिथून दूर असल्यामुळे हात-पाय शाबूत राहू शकतात. एवढी एक गोष्ट आम्हाला माहीत असती तर आत्याबाईंना त्या दुपारीच गाडीत घातले असते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि चोपड्याहून मोठ्या दवाखान्यात पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

डावखुरा गडी (भुसावळ)

मी जन्माचा डावखुरा आहे. रेल्वेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. माझी भाषा उजवीकडे असते का? आणि मास्तरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.

वाचासाथी (जळगाव)

दादा, बहुधा तुमचीही डावीकडेच आहे. जून वाडा या डॉक्टरांनी एक चाचणी काढली होती. मानेतल्या एका बाजूच्या रोहिणीत गुंगीचे औषध सोडून तो गोलार्ध काही मिनिटांपुरता झोपवायचा आणि रुग्ण बोलू शकतो का, ते पाहायचे. मेंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी भाषेची बाजू ओळखण्यासाठी ती वापरत. त्या चाचणीवरून रासमुसेन आणि मिलनर यांनी 1977 मध्ये दिलेले आकडे असे: उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी 96 टक्क्यांची भाषा डावीकडे. डावखुऱ्यांपैकीही 70 टक्क्यांची डावीकडेच, 15 टक्क्यांची उजवीकडे आणि 15 टक्क्यांची दोन्हीकडे. म्हणजे हात बदलला म्हणून भाषेने घर बदललेच असेल असे नाही.

आणि म्हणूनच डाव्या हाताने लिहायला लावून उजवा मेंदू ‘जागा’ होत नाही. तो झोपलेलाच नसतो. आबांनी डाव्या हाताने लिहायला जरूर शिकावे, कारण उजवा चालत नाही आणि सही करावी लागते. त्याला उपचाराचे नाव मात्र देऊ नका. तर्काचा मेंदू आणि कलेचा मेंदू ही विभागणी तर निव्वळ दंतकथा आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये 1011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. एखादे काम एका बाजूला जास्त चालते, हे त्यांना दिसले, पण एखाद्या माणसाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदू वरचढ असतो, असे काही आढळले नाही.

दंतकथेला कोंब फुटला तो मात्र खऱ्या प्रयोगांतून. अपस्माराच्या काही रुग्णांच्या दोन गोलार्धांना जोडणारा जाडजूड मज्जातंतूंचा पूल, कॉर्पस कॅलोसम, कापावा लागे. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी अशा रुग्णांच्या नजरेच्या डाव्या बाजूला, म्हणजे फक्त उजव्या गोलार्धाला दिसेल असा, एखाद्या वस्तूचा शब्द क्षणभर दाखवला. ‘काय दिसले?’ असे विचारले की रुग्ण म्हणे, ‘काहीच नाही’. पण त्याचा डावा हात पडद्याआडच्या वस्तूंतून नेमकी तीच वस्तू उचले. उजव्या गोलार्धाने शब्द वाचला होता, त्याचा अर्थही लावला होता, फक्त तो बोलू शकत नव्हता. स्पेरींना 1981 चे नोबेल मिळाले. मला आबांकडे बघताना हा प्रयोग आठवतो, कारण मुका गोलार्ध म्हणजे अडाणी गोलार्ध नव्हे.

मास्तर, तुमच्यासाठी आणखी एक. उजव्या गोलार्धाला इजा झाली तर शब्द आणि व्याकरण ठीक राहते, पण बोलण्यातला सूर जातो. 1979 मध्ये रॉस आणि मेसुलम यांनी नोंदवलेल्या अशा रुग्णांत एक शाळेतली शिक्षिका होती. तिचे वाक्य बिनचूक असे, पण आवाज सपाट झाल्यामुळे ती रागावली आहे हे मुलांना कळेना आणि वर्ग आवरेना. दुसऱ्याच्या बोलण्यातला सूर पकडणे, ‘वा, मोठे शहाणे!’ मधला टोमणा ओळखणे, ‘तोंडाला पाने पुसली’ ऐकल्यावर खरोखरची पाने मनात न आणणे, सांगितलेल्या गोष्टीचा रोख धरणे, या कामांत उजव्या बाजूचा मोठा हात असतो. आबांची ती बाजू धडधाकट आहे. त्या नातेवाइकांचा टोमणा त्यांना पुरता लागला, तो यामुळेच.

पांझराकाठ (धुळे)

ताई, एक दुरुस्ती सुचवू का? ‘वाचेचे केंद्र गेले’ या डॉक्टरांच्या वाक्याला तुम्ही हात लावला नाही. ब्रोकाच्या नावाचा भाग तेवढाच दुखावला तर बोलणे काही दिवस किंवा आठवडे अडते आणि बरेचसे परत येते, असे मोर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवले होते; टिकाऊ मूकपणाला त्याहून पसरलेली इजा लागते. लेबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जतन केलेला आहे. नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध केला, तेव्हा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा इजा कितीतरी खोल, पुढच्या-मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली. ब्रोकाने मेंदू कापला नव्हता, म्हणून खोलातले त्याला दिसणे शक्यच नव्हते. ‘केंद्र’ म्हटले की लोकांना वाटते, एक दिवा होता तो विझला. तारांचे जाळे म्हटले तर निदान काही तारा शिल्लक असतील, असे मनात येते.

वाचासाथी (जळगाव)

दुरुस्ती मान्य. घरच्यांशी बोलताना मीही ‘केंद्र’ म्हणते, कारण दवाखान्याच्या दारात उभ्या माणसाला तंतूंची जोडणी समजावण्याइतका वेळ नसतो. पण शब्द चुकीचाच आहे.

आता जे शिल्लक आहे त्याचा उपयोग कसा करायचा, ते सांगते. 1973 मध्ये बोस्टनमधल्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सुरावर बोलवण्याची एक पद्धत मांडली. रोज लागणारे छोटे वाक्य दोन स्वरांत घोळवायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा, आधी सोबत म्हणायचे, मग आपण हळूहळू गप्प व्हायचे आणि शेवटी सूर काढून टाकायचा. यात सुराने उजवी बाजू मदतीला येते, की खरा उपयोग ठेक्याचा होतो, यावर मतभेद आहेत. मी दोन्ही वापरते. एक मात्र ध्यानात ठेवा: भजन म्हणता आले म्हणजे बोलणे आपोआप सुधारेल, असे नाही. भजनातले शब्द भजनातच राहतात. तो हेल उचलून ‘पा-नी दे’ या कामाच्या वाक्यावर बसवावा लागतो, आणि तेच वाक्य दिवसातून कित्येकदा, खरी तहान लागलेली असताना म्हणवून घ्यावे लागते.

आबांच्या मोजणीचाही उपयोग आहे. बरेच रुग्ण संख्या थेट सांगू शकत नाहीत, पण एकापासून मोजत येऊन बरोबर आकड्यावर थांबायला शिकतात. घडीव माळ उजवीकडची असली तरी कुठल्या मण्यावर थांबायचे, हे कळून-सवरून ठरवावे लागते. तिथेच उपचार सुरू होतो.

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर तालुका)

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितो आहे.

बैल आणि म्हशीचे करून पाहिले. आबांनी पाचपैकी तीनदा उलटे दाखवले. हे बघून मी हादरलो, कारण ‘त्यांना सगळं कळतं’ असे मी गावभर सांगत होतो. पांझराकाठ यांचा टोला बरोबर बसला आहे. ‘माले’चे ‘मला’ मीच करीत होतो, एकदा नव्हे, रोज. ते थांबवले आहे. ‘पा-नी दे’ अजून माझ्याबरोबरच येते, एकट्याने येत नाही; चहाच्या वेळी मात्र परवा ‘दे’ एवढे स्वतःहून आले.

काल संध्याकाळी पत्नीने दादर मोजायला घेतली नव्हती, नुसते रिकामे माप आबांच्या डाव्या हातात दिले. मी विचारले, ‘आबा, आपल्या घरात नातवंडं किती?’ ते बराच वेळ मापाकडे बघत राहिले. मी मनात दहा मोजले, मग पुन्हा दहा. मग मीच हळू आवाजात ‘लाभ’ म्हटले. त्यांनी माप खाटेच्या कडेवर आपटत ‘दोन... तीन’ म्हटले, ‘चा’साठी तोंड उघडले, आणि मिटले. नातवंडे तीनच आहेत.

वाचासाथी (जळगाव)

तोंड उघडून मिटले, तीच खरी बातमी आहे. वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘लाभ’ तुम्ही म्हणू नका, नुसते ओठ हलवा आणि थांबा.